ऑइल पेस्टलच्या थरांचा चिखल होतो आहे. डोंगराचे निसर्गचित्र कसे सावरावे?

मुलुंडची_खिडकी

नमस्कार. मी मुलुंड पश्चिमेला राहते आणि आमच्या सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर थेट समोर दिसतात. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाल्यावर शाळेत सुटलेली चित्रकला पुन्हा हाती घ्यावी असे ठरवले, आणि जलरंगांचा पसारा मांडायला घरात वेगळी जागा नसल्यामुळे ऑइल पेस्टल निवडले. पाणी नको, ब्रश नकोत, वाळण्याची वाट पाहणे नको, डबा उघडला की काम सुरू. तेव्हा हे माध्यम सोपे असणार अशी माझी समजूत होती. ती गेल्या दोन महिन्यांत पार उतरली आहे.

माझ्याकडे विद्यार्थ्यांसाठी मिळतो तो पन्नास रंगांचा डबा आहे आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली कार्ट्रिज कागदाची ए-फोर आकाराची वही आहे. आतापर्यंत याच खिडकीतले दृश्य तीन वेळा काढले. खाली दोन इमारतींच्या गच्च्या, त्यापलीकडे झाडांचा दाट पट्टा, मग डोंगराचा उतार आणि वर पावसाळी आकाश, एवढेच त्यात आहे. पहिले दोन थर चढेपर्यंत चित्र छान दिसते, म्हणजे घरातले लोकही स्वयंपाकघरात येता-जाता थांबून बघतात. त्यानंतर मात्र खडू कागदावर न बसता ओल्या साबणासारखा घसरू लागतो, आणि घसरता घसरता खालचा रंग उकरून वर आणतो. तो एकजीव व्हावा म्हणून बोटाने घासले की हिरवा, तपकिरी आणि जांभळा मिळून साचलेल्या डबक्याच्या पाण्यासारखी एकच छटा सगळीकडे पसरते. आकाशात ढग दाखवण्यासाठी निळ्यावर पांढरा लावला, तर तो पांढरा खडूच निळा झाला.

दुसरी अडचण अशी की डोंगर मागे जातच नाही. प्रत्यक्षात तो दोन-तीन किलोमीटर लांब असेल, पण माझ्या चित्रात तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आणून ठेवल्यासारखा दिसतो. डब्यातले हिरवे रंगही मला फार भडक वाटतात, परंतु त्यांना शांत करायला गेले की पुन्हा चिखलच हाती लागतो.

जाणकारांनी कृपया सांगावे की थर नेमके किती आणि कोणत्या क्रमाने द्यावेत, आणि चूक कागदाची आहे, खडूंची आहे की माझ्या हाताची. महागडा परदेशी डबा घेतल्याशिवाय हे जमणारच नसेल, तर तसेही स्पष्ट सांगावे.


फळा_आणि_खडू

ताई, मी पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. ऑइल पेस्टल बोटाने रगडून गुळगुळीत करायचे, कागदाचा पांढरा ठिपका कुठेही दिसता कामा नये, ही सवय आमच्यासारख्या शिक्षकांनीच पिढ्यान् पिढ्या मुलांना लावली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला ठरावीक वेळेत अख्खा कागद भरायचा असे, आणि त्या घाईत ती रीत खपून जात असे. निसर्गचित्रात मात्र तीच सवय घात करते, आणि तुमच्या चित्रात तेच होत आहे.

मुळात हा खडू कशाचा बनतो ते एकदा लक्षात घ्या, म्हणजे अर्धे कोडे सुटेल. त्यात रंगद्रव्य, मेण आणि कधीही न वाळणारे तेल असते. तैलरंगातले जवसाचे तेल हवेच्या संपर्काने हळूहळू घट्ट होते, त्यामुळे खालचा थर वाळला की वरचा थर त्यावर निर्धास्तपणे देता येतो. ऑइल पेस्टलमध्ये तसे काही होत नाही. तुम्ही आठ दिवस थांबलात तरी खालचा थर मऊच राहतो, आणि दुसरा थर त्या मऊ थरावर द्यायचा असतो. तेव्हा या थरांना जागेवर धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागदाचा खरखरीतपणा. कागदावरच्या बारीक खळग्यांमध्ये मेण आणि रंग अडकतो. ते खळगे भरले की कागदाची भूक भागली असे समजा. त्यानंतर कितीही वाढले तरी तो घेत नाही, आणि तुमचा खडू साबणासारखा घसरतो तो याच क्षणी. थर किती द्यावेत याला म्हणूनच ठरावीक आकडा नाही. तुमच्या वहीचा कागद पातळ आणि गुळगुळीत असणार, त्यावर जोर लावून काम केले तर दुसऱ्या थरालाच खळगे भरतात. त्याच कागदावर हलक्या हाताने काम केले तर चार-पाच थरही बसतात.

हलका हात म्हणजे किती हलका, हे शब्दांत सांगणे कठीण आहे, म्हणून एक प्रयोग सुचवतो. एक खडू घ्या, त्याचा कागद सोलून काढा आणि खडू सरळ मधोमध मोडा. नव्या खडूचे असे दोन तुकडे करताना जीवावर येते, माझ्या विद्यार्थ्यांना तर रडू यायचे, पण त्याला इलाज नाही. आता तो तुकडा आडवा धरून कागदावरून असा फिरवा, की जणू एखाद्या झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवत आहात. कागदाच्या उंचवट्यांवर रंग लागेल आणि खळगे पांढरे राहतील. निम्मा कागद दिसत राहिला पाहिजे. हा झाला पहिला थर. दुसरा रंग वेगळ्या दिशेने, तितक्याच हलक्या हाताने द्या. तो काही जागी पहिल्या रंगावर आणि काही जागी पांढऱ्या खळग्यांत बसेल. अशा दोन रंगांचे मिश्रण बोटाने करायचे नसते, ते दोन हात अंतरावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आपोआप होते. खडू दाबायचा तो सर्वांत शेवटी, आणि तोही चित्रातल्या मोजक्या पाच-दहा जागी. दाबून दिलेल्या त्या रंगावर नंतर कशानेही घासायचे नाही. जसा पडला तसा तो राहू द्यायचा. तुमच्या चित्रांत खरी उणीव आहे ती याच शेवटच्या न घासलेल्या थराची, असे मला वाटते.

बोट अजिबात लावू नये, असे मात्र मी म्हणत नाही. आकाशाचा पहिला थर आणि लांबच्या डोंगराचा पहिला थर खुशाल घासावा, कारण तिथे कडा मऊच हव्या असतात. त्यासाठी बोटाऐवजी जुन्या सुती कापडाचा तुकडा किंवा इअरबड वापरला तर जास्त चांगले, कारण बोटाच्या उबेने मेण वितळून थर लवकर गुळगुळीत होतो. झाडे, गच्च्या आणि पुढचा भाग यांना घासण्याचा स्पर्शही नको.

पांढरा खडू निळा होतो, यात तुमची चूक काहीच नाही, तो त्याचा धर्मच आहे. मऊ रंगावरून फिरणारा खडू टोकाला खालचा रंग घेऊन येणारच. एका हातात जुने फडके ठेवा आणि प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर खडूचे टोक पुसा. मी वर्गात हे इतक्या वेळा ओरडून सांगायचो, की मुले माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणत. ढगांसाठी आणखी बरा मार्ग म्हणजे जिथे ढग यायचा आहे तिथे पहिल्यापासून पांढरा खडू लावून जागा राखून ठेवणे आणि निळा त्याच्या भोवतीने आणणे.

एखादी जागा भरून गेलीच, तर चित्र फाडू नका. जुन्या दाढीच्या ब्लेडची कड किंवा बाद झालेले प्लास्टिकचे बँक कार्ड तिरपे धरून वरचा थर हलकेच खरवडून काढा. खाली रंगाचा फिका डाग उरेल आणि कागद पुन्हा थोडा रंग घेऊ लागेल. खरवडलेल्या जागी कधी कधी अशी सुंदर खडबडीत छटा मिळते, की कातळ दाखवायला मी ती मुद्दाम वापरतो.

कागदाबद्दल एवढेच सांगतो की वही बाजूला ठेवा आणि किमान 200 जीएसएम वजनाचा, हाताला खरखरीत लागणारा सुटा कागद आणा. हातकागद चालेल, जलरंगाचा कागद उत्तम चालेल. रंगीत टिंटेड कागद मिळाला तर फिका तपकिरी किंवा राखाडी निवडा, म्हणजे मधून दिसणारे खळगे पांढरे फटफटीत न दिसता चित्रातच मिसळून जातील. डबा बदलण्याची गरज नाही. फार वाटले तर फक्त एक पांढरा आणि एक फिका पिवळा असे दोन मऊ, जरा बऱ्या प्रतीचे सुटे खडू घ्या आणि शेवटच्या थरासाठी राखून ठेवा, कारण कडक खडूच्या थरावर मऊ खडू सहज बसतो, उलट केले तर कडक खडू मऊ थर नांगरत जातो.


सावलीचा_रंग

सरांनी थरांविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे थोडेच उरते, म्हणून मी डोंगर आणि हिरवा रंग या दोनच गोष्टींबद्दल लिहितो.

मुलुंड पश्चिमेहून डोंगर पश्चिमेला दिसतो, याचा अर्थ सकाळी सूर्य तुमच्या इमारतीच्या पाठीमागून येतो आणि डोंगरावर समोरून उजेड पडतो. समोरून पडलेल्या उजेडात घळया आणि सोंडा यांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात, त्यामुळे सगळा उतार एका हिरव्या भिंतीसारखा सपाट दिसतो. तुम्ही बहुधा सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर चित्राला बसत असाल. तसे असेल तर एकदा दुपारी चारनंतर पाहा. सूर्य डोंगराच्या माथ्याकडे कलला की तुमच्या बाजूचे उतार सावलीत जातात, प्रत्येक सोंडेची कड वेगळी दिसू लागते आणि मधल्या हवेतले धूसर पट्टे स्पष्ट होतात. तीच खिडकी असते, पण दृश्य पूर्ण निराळे होते.

डोंगर मागे जाण्यासाठी हवेचाच रंग वापरावा लागतो. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये जी हवा असते ती प्रकाशातला निळा भाग अधिक विखुरते, त्यामुळे लांबचे गडद रंग निळसर आणि फिके होत जातात, आणि दमटपणा किंवा धूळ असेल तर त्यात पांढुरकेपणाही मिसळतो. पण पावसाळ्यात यात एक फसगत आहे. जोराची सर येऊन गेली की हवा धुतली जाते आणि डोंगर अक्षरशः चार पावले जवळ येऊन उभा राहतो. झाडन् झाड मोजता येते. त्या वेळी जसे दिसते तसे काढले तर तो चित्रात गच्चीवर येऊन बसणारच. सर येण्यापूर्वी, म्हणजे आभाळ भरून आलेले असताना आणि माथ्यावर ढग उतरत असताना जो डोंगर दिसतो तो काढावा. त्यासाठी डब्यातल्या हिरव्या खडूने सुरुवात करूच नका. अल्ट्रामरीन निळ्याचा हलका थर, त्यावर राखाडी, त्यावर अगदी थोडा हिरवा आणि सगळ्यावरून पांढऱ्या खडूचा आडवा, न दाबलेला फटकारा, एवढ्याने तो मागे सरकेल. लांबच्या डोंगरात सर्वांत गडद जागासुद्धा जवळच्या झाडाच्या मध्यम छटेहून फिकी असली पाहिजे. ही तुलना डोळे अर्धे मिटून केली की चटकन कळते.

आता हिरव्याबद्दल. आपल्याकडच्या पावसाळ्यातला हिरवा रंग भडक असतोच, त्याला नावे ठेवून उपयोग नाही, पण तो खडूच्या हिरव्यासारखा थंड नसतो, त्याच्या पोटात पिवळा आणि लाल असतो. म्हणून झाडांच्या पट्ट्याला पहिला थर यलो ओकर आणि बर्न्ट सिएना यांचा द्या, अगदी विटकरी दिसला तरी घाबरू नका, आणि त्यावर हिरवे हलक्या हाताने आणा. हिरव्याच्या फटींतून डोकावणारा तो तांबडा थर हिरव्याला जमिनीवर आणतो. हिरव्याला काळ्याने गडद करू नका, चिखल तिथूनच सुरू होतो. गर्द सावलीसाठी गडद हिरव्यावर मरून किंवा प्रशियन निळा द्यावा. आणखी एक, ऑगस्टमध्ये त्या उतारावर साग फुलतो आणि त्याचे मळकट पांढरे तुरे हिरव्यावर ठिकठिकाणी उमटतात. सरांनी म्हटलेल्या त्या शेवटच्या, न घासलेल्या थरासाठी याहून चांगले निमित्त मिळणार नाही. फिक्या पिवळ्या खडूचे टोक दाबून टेकवायचे आणि उचलायचे, बस.


बोरीबंदर_ते_कल्याण

मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत कोरड्या थरांचीच पद्धत सांगितली आहे, परंतु पहिला थर टर्पेंटाइनने विरघळवून घेतला तर निम्मा त्रास वाचतो. खडूने सैल रेघा मारायच्या आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या जुन्या चपट्या ब्रशने त्या पसरवायच्या. जलरंगाच्या पातळ वॉशसारखा रंग सगळीकडे जातो, टर्पेंटाइन उडून जाते आणि खळगे बऱ्यापैकी रिकामेच राहतात. पांढरे ठिपके ज्यांना खुपतात त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी आहे. मी स्वतः पंचवीस मिनिटांत अख्ख्या आकाशाचा पाया याच पद्धतीने घालतो, आणि मग वरचे थर कोरडे देतो.


फळा_आणि_खडू

पद्धत बरोबर आहे आणि परिणामही सुंदर मिळतो, पण ताईंनी सुरुवातीलाच सांगितले आहे की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून काम करतात. टर्पेंटाइनची वाफ डोक्यात जाते आणि ते पेटही लवकर घेते; गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर त्याची वाटी उघडी ठेवून बसण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दुसरे असे की नुसत्या कागदावर टर्पेंटाइन वापरले तर त्यात विरघळलेले तेल कागदात शिरते, मागच्या बाजूला तेलकट वर्तुळे उमटतात आणि काही काळाने कागद पिवळा पडतो. ही पद्धत वापरायचीच असेल तर आधी कागदाला जेसोचे, म्हणजे कॅनव्हासला लावतात त्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात देऊन ते पूर्ण वाळवावेत. जेसोमुळे कागदाला खरखरीतपणाही येतो, हा वरचा फायदा.

पांढरे ठिपके नकोत एवढाच हेतू असेल, तर पाया ॲक्रिलिक रंगाने किंवा जलरंगाने घालावा आणि तो वाळल्यावर त्यावर खडू चालवावा. वास नाही, धोका नाही. मात्र क्रम उलटा करू नये, कारण मेणावर पाण्यातला रंग टिकत नाही.


बोरीबंदर_ते_कल्याण

शेगडीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मान्य आहे. मी गॅलरीत बसून काम करतो म्हणून सहज लिहून गेलो.


तिसरा_मजला_घाटकोपर

कोणी उकाड्याबद्दल लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते. मुंबईत एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस उघडल्यावरच्या ऑक्टोबरात खडू हातातच लोण्यासारखा होतो, आणि हलक्या हाताने लावायचे ठरवले तरी तो स्वतःहून दाट बसतो. मी चित्राला बसण्यापूर्वी लागणारे आठ-दहा खडू झाकणाच्या डब्यात घालून पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवते. डबा बंदच हवा, नाहीतर बाहेर काढल्यावर खडूंना पाणी सुटते. फार थर झालेले चित्रसुद्धा पाच मिनिटे फ्रिजमध्ये सपाट ठेवले की मेण घट्ट होते आणि आणखी एखादा थर बसतो. फक्त शेजारी कोथिंबिरीची जुडी नसावी, हा अनुभवाचा सल्ला.

हा त्रास आपल्यापुरताच नाही. ऑइल पेस्टल जपानमध्ये 1920 च्या दशकात प्रथम तयार झाले, तेव्हा सुरुवातीला त्यांचे उन्हाळी आणि हिवाळी असे दोन प्रकार होते. उन्हाळी खडूत ते वितळू नयेत म्हणून तेल कमी असे आणि हिवाळी खडूत ते कडक होऊ नयेत म्हणून तेल जास्त असे. पुढे 1949 मध्ये फ्रान्समध्ये सेनेलिए यांनी पिकासोच्या मागणीवरून जे खडू बनवले ते मुद्दाम मऊ आणि तेलकट होते. तेव्हा परदेशी भारी डबा आणला की सगळे सोपे होईल असे मानू नका. तो मऊ खडू आपल्या मे महिन्यात आणखीच हट्टी होतो. आपले शाळकरी, जरा कडक खडू पहिल्या थरांसाठी खरोखर बरे आहेत.


मुलुंडची_खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. मुद्दाम तीन आठवडे थांबून लिहीत आहे, कारण नुसते आभार मानण्यापेक्षा करून पाहून सांगावे असे वाटले.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जलरंगाचा खरखरीत कागद आणि फिक्या तपकिरी रंगाचा टिंटेड कागद, असे दोन्ही आणले. खडू मोडताना हात खरोखरच थबकला. पहिले चित्र पुन्हा बिघडले, कारण हलक्या हाताची सवय नव्हती आणि झाडांच्या पट्ट्याला बोट लागायचे ते लागलेच. दुसऱ्या वेळी उजव्या हाताच्या तर्जनीला चक्क चिकटपट्टी गुंडाळून बसले. हसू नका, पण त्याचा उपयोग झाला.

तिसरे चित्र दुपारी साडेचारला सुरू केले, टिंटेड कागदावर. आभाळ भरून आलेले होते आणि माथ्यावर ढग टेकला होता. विटकरी थर देताना सासूबाई मागून म्हणाल्या, की डोंगराला आग लागली का. त्यावर ऑलिव्ह आणि मग गडद हिरवा आल्यावर मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या. हिरव्याच्या फटीतून तांबडे डोकावते आहे हे जवळून पाहिले तरच कळते. ओट्यापाशी उभे राहून पाहिले तर फक्त झाडे दिसतात, ओली आणि दाट. डोंगर अल्ट्रामरीन आणि राखाडीत काढला आणि पांढऱ्याचा आडवा फटकारा देताना श्वास रोखून धरला होता. तो मागे गेला. अजून थोडा डावीकडे जास्त गडद आहे, पण गच्चीवरून नक्की उठला आहे. सागाचे तुरे अकरा टेकवले, बारावा टेकवताना हात दाबला गेला आणि तो तुरा न दिसता बगळा दिसतो. तो तसाच राहू दिला.

आता दोन शंका आहेत. हे चित्र भाचीला तिच्या नव्या घरासाठी द्यायचे आहे. ते वाळणारच नाही, तर त्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारून नुसते फ्रेम केले तर चालेल का, की काच लावावीच लागेल? आणि आमच्या नाक्यावरचा फ्रेमवाला म्हणतो की काच थेट चित्रावर बसवली म्हणजे चित्र हलत नाही. ते मला पटत नाही.


सावलीचा_रंग

तुम्हाला पटले नाही ते योग्यच आहे. काच चित्राला टेकली की थोड्या उष्णतेने रंग तिला चिकटतो, आणि पुढे कधी काच काढायची वेळ आली तर चित्राचा वरचा थर काचेबरोबर निघून येतो. फ्रेमवाल्याला जाड माउंट, म्हणजे चित्राभोवती बसणारी पुठ्ठ्याची चौकट, कापायला सांगा, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात फट राहील. एकेरी माउंट पातळ वाटले तर दुहेरी घ्यावे, किंवा फ्रेमच्या खाचेत आतून बारीक लाकडी पट्टी बसवून घ्यावी. काच मात्र हवीच. पृष्ठभाग मऊ राहतो, त्यामुळे मुंबईतली धूळ त्यावर बसली की ती पुसायला गेल्यावर रंगही पुसला जातो.

फिक्सेटिव्हने ऑइल पेस्टल वाळत नाही. कोरड्या पेस्टलची भुकटी तो धरून ठेवतो, पण इथे फार तर वरून एक पातळ पापुद्रा येतो आणि काही रंग गडद होतात. काचेखाली जाणार असेल तर मी मारत नाही. तोपर्यंत चित्रावर बटर पेपर ठेवून ते सपाट ठेवा, वर वह्यांचा गठ्ठा ठेवू नका. भाचीला एवढेच सांगा की पावसात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते टांगू नये, नाहीतर माउंटला बुरशी धरते, आणि जिथे थेट ऊन येते तिथेही नको.


फळा_आणि_खडू

बगळा राहू दिलात हे फार चांगले केलेत.

उन्हाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. शाळकरी डब्यांतले काही रंग, विशेषतः गुलाबी आणि जांभळे, उजेडाने फिके पडतात. तुमच्या डब्यातले कोणते टिकतात हे स्वतःच पाहून ठेवा. एका लांब पट्टीवर सगळ्या रंगांचे छोटे चौकोन काढा, शेजारी नावे किंवा क्रमांक लिहा, पट्टीचा अर्धा भाग उभा असा जाड काळ्या कागदाने झाका आणि पट्टी उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून दोन-तीन महिने विसरून जा. काळा कागद उचलला की दोन्ही अर्धांत फरक दिसतो तो रंग भेट द्यायच्या चित्रात वापरायचा नाही.


मुलुंडची_खिडकी

पट्टी आजच केली. पन्नासपैकी सत्तेचाळीसच चौकोन झाले, कारण दोन हिरवे आणि एक पांढरा आता बोटाच्या पेरापेक्षा लहान उरले आहेत आणि ते मला फ्रेम करण्याआधी चित्रावर शेवटचा हात फिरवण्यासाठी ठेवायचे आहेत. पट्टी स्वयंपाकघराच्याच खिडकीला चिकटवली आहे, डाव्या बाजूच्या काचेवर, कारण दुपारनंतर ऊन तिथेच येते. डोंगर उजव्या काचेतून दिसतो, त्यामुळे तेवढी अडचण होत नाही. फ्रेमवाल्याकडे उद्या दुहेरी माउंटचे माप घेऊन जाते.